सातही वाट्या ओवीच्या

मित्रांनो, जरा जवळ या. मी सात वाट्यांचा, पितळेचा, एक जुना मिसळणाचा डबा आहे. मोहरी, जिरं, हळद, तिखट, धणे-जिऱ्याची पूड, हिंग आणि मेथ्या, असा माझा संसार. तुमच्या घरात आता स्टीलचा नाहीतर काचेच्या झाकणाचा डबा असेल. असू दे बापडा, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण पितळेचा तोरा वेगळाच. माझ्या झाकणात तोंड बघून केस विंचरता यायचे, ही काही मी तिखटमीठ लावून सांगितलेली गोष्ट नाही.

माझा जन्म नाशिकचा. तांबट लेनमध्ये ठाकठुक, ठाकठुक करत एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. झाकण त्याने दोनदा केलं. पहिलं सैल बसलं म्हणून फेकून दिलं आणि दुसरं असं काही घट्ट बसवलं की ते उघडायला मनगटात जोर लागतो. "डबा पडला तरी मोहरीचा दाणा बाहेर येणार नाही," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. ही फुशारकी तेव्हा मला फार आवडायची. पुढे त्याच घट्ट झाकणाने काय केलं, ते सांगणारच आहे.

चांदवडच्या मालनबाईंच्या लग्नात मला त्यांच्या वडिलांनी भांडी बाजारातून घेतलं. मालनबाईंच्या चुलीजवळ मी तीस वर्षं काढली. दरसाल कल्हईवाला यायचा, नवसागराचा पांढरा धूर उठायचा आणि मी आतून चांदीचा होऊन घरात परतायचो. मालनबाई कडक होत्या. घरात कुणीही स्वयंपाकाला बसो, त्यांचा एकच नियम असायचा, "हळदीचा चमचा तिखटात घालायचा नाय! ज्याची वाटी त्याचा चमचा. एकदा का सरमिसळ झाली, तर भाजीला चव ऱ्हात नाय आन् डब्यालाबी."

त्यांची धाकटी लेक उज्वला हा नियम ऐकतच मोठी झाली. तिने एकदा लहानपणी जिऱ्याच्या वाटीत मेथ्या सांडल्या, तर मालनबाईंनी तिला उन्हात बसवून एकेक दाणा निवडायला लावला होता. पोरगी मुसमुसत होती आणि निवडत होती. मी मात्र मनात म्हणालो, हां, शिस्त म्हणजे शिस्त.

उज्वलाचं लग्न ठरलं ते नाशिकच्या रोहितशी. रोहित अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होता. रुखवतात मालनबाईंनी मला घासूनपुसून मधोमध ठेवलं. सगळ्या बायका म्हणाल्या, "काय गं बाई हा डबा, सोनंच जणू!" आणि मी असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढलो की विचारू नका.

पण नाशिकला सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांत आलो आणि झाडावरून धाडकन खाली आपटलो. तिथे कुणीतरी आहेर दिलेला नवाकोरा स्टीलचा डबा आधीच बसला होता. मला वर माळ्यावर टाकलं. शेजारी एक फुटका कंदील, खाली रद्दी. दोन वर्षं माझं झाकण कुणी उघडलं नाही. मित्रांनो, काम नसणं फार वाईट. तुम्हाला सुट्टी आवडते, ती शाळा असते म्हणून.

मग उज्वलाला दिवस गेले.

सातवा महिना होता. डोहाळजेवण होऊन चार दिवस झाले होते. रोहित जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे बाळाचं बजेट मांडत बसला होता. दूध, लस, लंगोट, पुढे शाळा. पगार साडेचौदा हजार, भाडं साडेचार. तो लिहायचा, खोडायचा, डोकं खाजवायचा. शेवटी म्हणाला, "मोबाइलमध्ये एक ॲप असतं, त्यात टाकू सगळं."

"मोबाइलमधले पैसे मला दिसत नाहीत," उज्वला म्हणाली. "डोळ्यांना दिसले म्हणजे हात आवरतो." आणि मग काय झालं असेल? तिने रोहितला स्टुलावर चढवलं आणि मला माळ्यावरून खाली काढलं!

तिने मला चिंच लावून घासलं. सात कागद कापले, त्यांवर निळ्या पेनाने लिहिलं आणि प्रत्येक वाटीला एकेक चिकटवला. बाळ - दूध. बाळ - दवाखाना. बाळ - कपडे. बाळ - खाऊ. बाळ - वाढदिवस. मधल्या मोठ्या वाटीला बाळ - शाळा. एक वाटी उरली. डोहाळजेवणाला येऊन राहिलेल्या मालनबाई म्हणाल्या, "पोरगी झाली तर लग्नाची वाटी नको का?"

"आई, आधी तिला चालू तर दे!" उज्वला हसून म्हणाली आणि सातव्या वाटीवर तिने लिहिलं, बाळ - कॉलेज.

मुलगीच झाली. बारशाला तिचं नाव ओवी ठेवलं. दुसऱ्या दिवशी उज्वलाने सातही चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. ओवी - दूध. ओवी - दवाखाना. ओवी - शाळा. अक्षर मोत्यासारखं. मी त्या चिठ्ठ्या अंगावर घेऊन दागिने घातल्यासारखा बसलो.

दर महिन्याच्या सात तारखेला पगार व्हायचा. रोहित मशीनमधून पैसे काढून आणायचा. भाडं, किराणा, वीज, बस वजा केली की उरलेल्या नोटा माझ्यासमोर यायच्या. उज्वला जमिनीवर मांडी घालून बसायची आणि एकेक वाटी भरायची. ती घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-बिडिंग करायची. ते पैसेही यायचे माझ्याकडेच. आणि नियम तोच, मालनबाईंचा. ज्याची वाटी त्याचाच खर्च. दुधाच्या वाटीतले पैसे खाऊला नाहीत, खाऊचे कपड्यांना नाहीत. एकदा रोहितने गाडीत पेट्रोल टाकायला वाढदिवसाच्या वाटीतले शंभर रुपये उचलले, तर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. "हळदीचा चमचा तिखटात घालायचा नाही, सांगितलंय ना!" रोहितने कान पकडले.

खरं सांगतो, त्या नियमाचा मला केवढा अभिमान होता. वरच्या मजल्यावरची मंजुषा एकदा पाहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिने सात वाट्यांचा डबा विकत आणला. बचत गटाच्या बायकांनी मला मध्ये ठेवून बैठक घेतली. "पोरं वाढवावीत तर उज्वलासारखी," त्या म्हणाल्या. "थेंबे थेंबे तळे साचे." मी तर फुगून नुसता टम्म झालो होतो.

त्या फुगलेपणात एक गोष्ट मी पाहिली नाही. माझ्यात सात वाट्या होत्या आणि सातही ओवीच्या होत्या. उज्वलाची चप्पल तीनदा शिवून झाली, तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती. दुधाचा भाव वाढला तेव्हा तिने स्वतःचा चहा कोरा केला. "मला कोराच आवडतो हो," असं म्हणायची. रोहितला ते खरं वाटायचं. मलाही वाटायचं.

ओवी पाच वर्षांची झाली. गल्लीतल्या बालवाडीत जायची, घरी येऊन भिंतीवर खडूने फळा करायची आणि मला विद्यार्थी बनवून समोर बसवायची. मी तिचा सगळ्यात शांत विद्यार्थी होतो. तिला पहिलीला गंगापूर रोडच्या एका मोठ्या इंग्रजी शाळेत घालायचं, हे उज्वलाने ओवीच्या जन्माच्या आधीच ठरवलं होतं. तिला स्वतःला इंग्रजीची भीती वाटायची. बँकेत फॉर्म भरायचा तर ती दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायची. "माझ्या पोरीला असं बघायला लागू नये," एवढंच तिचं म्हणणं. म्हणून मधली वाटी सगळ्यात आधी भरायची.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांनी एका दुपारी उज्वला बाहेरून आली. ओवी बालवाडीत होती, रोहित कामावर. तिने पिशवी ठेवली नाही, पाणी प्यायली नाही, तशीच माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात एका डॉक्टरीणबाईंचा कागद होता. अंघोळ करताना तिच्या हाताला छातीत एक गाठ लागली होती. दुखत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या लिहून दिल्या होत्या आणि खर्च विचारला तेव्हा अठ्ठावीसशे सांगितला होता. हे मला कसं कळलं? ती स्वतःशीच बोलत होती. एकटं माणूस डब्याशीसुद्धा बोलतं.

तिने माझं झाकण उघडलं. 'ओवी - दवाखाना' या वाटीत एकतीसशे रुपये होते. तिने ते काढले, मोजले, अठ्ठावीसशे वेगळे केले आणि मुठीत धरले. मग तिची नजर चिठ्ठीकडे गेली. स्वतःच्याच मोत्यासारख्या अक्षराकडे. "तिला उद्या ताप आला तर?" ती म्हणाली. आणि तिने पैसे पुन्हा वाटीत ठेवले.

डॉक्टरांच्या कागदाची चौपदरी घडी घालून तिने ती मधल्या शाळेच्या वाटीखाली सरकवली. "जूनमध्ये ॲडमिशन झाली की जाते," असं मला सांगितलं आणि वर झाकण घट्ट बसवलं.

मित्रांनो, तुम्हाला माझा राग येईल. येऊ दे. त्या वेळी मी मनात काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, शाबास! ज्याची वाटी त्याचाच खर्च. पोरीने नियम मोडला नाही.

आणि दैव बघा कसं, जानेवारीत ओवी खरंच तापली. चार दिवस ताप उतरेना. दवाखान्याच्या वाटीतले पैसे तिच्या रक्त तपासणीला आणि सलाइनला लागले. ओवी बरी होऊन खाली खेळायला जायला लागली तेव्हा उज्वला माझ्याजवळ बसून म्हणाली, "बघितलं? बरं झालं ना, तेव्हा काढले नाहीत ते." मलाही ते अगदी पटलं.

मोफत प्रवेशाच्या सोडतीत ओवीचा नंबर लागला नाही. शाळेत भरायचे होते अठ्ठेचाळीस हजार. मधल्या वाटीत पाच वर्षांचे मिळून एक्केचाळीस जमले होते. नोटा वाटीत मावत नव्हत्या म्हणून रबर लावून गुंडाळी केली होती. उरलेल्या सात हजारांसाठी उज्वलाने लग्नसराईचे ब्लाउज घेतले. दिवसाला सहा-सहा. मशीन थांबायचं नाव नाही. मध्येच ती उजवा हात डाव्या हाताने चोळायची. मंजुषाने विचारलं तर म्हणाली, "शिवण जास्त झालंय गं, बाकी काही नाही."

एप्रिलच्या शेवटी पैसे भरले. मधली वाटी झाली रिकामी आणि घर हसायला लागलं.

जूनमधली ती सकाळ मी कधी विसरणार नाही. ओवीने निळा स्कर्ट घातला होता, गळ्यात टाय, आणि दोन वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर गेल्या होत्या. रोहितने सुट्टी काढली होती. व्हॅनमध्ये बसायच्या आधी ओवी धावत परत आत आली, मला म्हणाली, "डब्या, मी चालले हं!" उज्वला दारात उभी राहून हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. आमच्या घराला त्या दिवशी काही कमी नव्हतं.

संध्याकाळी मी वाट पाहिली. जून उजाडला होता. आता जा ना, उज्वला! मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. पण शाळेने बुटांचे दोन जोड सांगितले, रेनकोट सांगितला, चित्रकलेच्या वह्या सांगितल्या. ती म्हणाली, गणपती झाले की जाते. गणपती झाले. मग म्हणाली, नवरात्र होऊ दे. दर वेळी वाटीखालचा तो कागद मला टोचायचा. कागदच तो, त्याला काय टोक असणार! पण टोचायचा, खरंच.

ऑक्टोबरच्या सात तारखेला, पगाराच्या दिवशी, तिने मला फळीवरून काढायला हात वर केला. हात खांद्याच्या वर जाईना. ती कण्हली, बोटं सुटली आणि मी फरशीवर आदळलो. माझ्या कडेला मोठा पोचा आला. रोहित धावत आला. त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या सुजलेल्या हाताकडे. "हे कधीपासून आहे?" तो म्हणाला.

माझं झाकण तेव्हा उघडलं असतं तर तो कागद त्याच्या पायाशी पडला असता. नाही उघडलं. त्या म्हाताऱ्या कारागिराने म्हटल्याप्रमाणे मोहरीचा दाणासुद्धा बाहेर आला नाही. झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात ना, त्या दिवशी माझी झाकली मूठ कवडीमोलाची ठरली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारलं. उज्वलाने सांगितलं, पंधरा दिवस झाले असतील. हे रोहितने घरी आल्यावर मंजुषाला सांगितलं आणि मी फळीवर बसून ऐकलं. पंधरा दिवस! अकरा महिने झाले होते.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, त्याला पैसे लागले नाहीत. औषधं, इंजेक्शनं, रिक्षा, फळं यांना लागले, तेव्हा माझ्या वाट्या एकेक करून उपसल्या गेल्या. दूध, कपडे, खाऊ, कॉलेज, कशातच काही राहिलं नाही. मधली शाळेची वाटी आधीच रिकामी, म्हणून तिला कुणी उचललं नाही. रोहित डोळे झाकून हाताला लागेल ती वाटी उलटी करायचा. हळद तिखटात गेली, तिखट मोहरीत गेलं. कुणी रागावलं नाही. जे तेव्हा अठ्ठावीसशेत कळलं असतं, त्याच्यासाठी माझ्या सगळ्या वाट्या पुरल्या नाहीत.

उज्वलाचे केस गेले. ओवी तिच्या डोक्यावर स्वतःची शाळेची टोपी घालायची आणि दोघी हसायच्या. मालनबाई चांदवडहून येऊन राहिल्या. त्या रोज लेकीला मऊ भात भरवायच्या आणि म्हणायच्या, "खा गं माझे बाई, दोन घास खा." उज्वला दोन घास खायची. ओवीला इंग्रजी कविता म्हणायला लावायची आणि अर्थ न कळता टाळ्या वाजवायची. पहिली संक्रांत तिने उशीला टेकून केली. दुसऱ्या संक्रांतीला ती ओवीच्या हातावर तिळगूळ ठेवू शकली, तेवढंच. नंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुपारी रोहितने मला खाली घेतलं. काही शिल्लक आहे का, एवढंच त्याला पाहायचं होतं. मधली वाटी उचलली आणि त्याला ती चौपदरी घडी दिसली. त्याने ती उलगडली. तारीख वाचली. बोटांवर महिने मोजले. दोनदा मोजले. मग तो जो रडला, मित्रांनो, तसं रडताना मी कुठल्या माणसाला पाहिलं नव्हतं.

मालनबाई आतून आल्या. त्यांना कागद वाचता येत नव्हता. रोहितने सांगितलं. "पैसे होते, आई. ह्याच डब्यात होते."

मालनबाई खाली बसल्या. माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "मीच शिकवलं व्हतं तिला. ज्याची वाटी त्याचा चमचा. दाणा न् दाणा निवडायला लावला व्हता मी तिला. पर मी मिसळणाचं सांगितलं व्हतं गं उजू, माणसाचं नाय! माणसाचं नव्हतं सांगितलं मी!" आणि त्यांनी कपाळ बडवून घेतलं.

ओवी दारात उभी होती. आठ वर्षांचीसुद्धा झाली नव्हती. ती माझ्याजवळ येऊन बसली, एकेक वाटीवरची चिठ्ठी तिने मनात वाचली आणि विचारलं, "पप्पा, ह्यात आईची वाटी कुठली?"

मालनबाई उठल्या आणि त्यांनी गॅस पेटवला. गॅसवर भांडं नव्हतं. तो तसाच जळत राहिला. रोहितने कागदाची घडी घालून पुन्हा मधल्या वाटीखाली ठेवली.

तुम्हाला वाटेल, आता माणसं शहाणी झाली असतील. मलाही तसंच वाटलं होतं. पण सवयीचं माणूस सवयीनेच चालतं. पुढच्या महिन्यापासून रोहितने मला पुन्हा भरायला घेतलं. चिठ्ठ्या त्याच, उज्वलाच्या हातच्या. त्या बदलायचा धीर कुणाला होणार? ओवी - दूध. ओवी - दवाखाना. ओवी - शाळा. सात वाट्या, सातही ओवीच्या. "तिच्या आईने घातलेली घडी मोडायची नाही," असं रोहित मंजुषाला म्हणाला. मंजुषाने डोळे पुसले. आणि मी शहारलो.

ओवी चौथीत गेली. यंदाच्या पावसाळ्यापासून रोहितला खोकला लागला. कारखान्यात तो घासकामाच्या मशीनवर असतो, नाकातोंडात बारीक धूळ जाते. आधी सकाळी खोकायचा, मग जेवताना, मग जिना चढताना. मालनबाईंनी आल्याचा रस दिला, हळदीचं दूध दिलं. ओवी म्हणाली, "पप्पा, डॉक्टरकडे जा ना."

"जातो गं," रोहित म्हणाला. "तुझी सहामाही फी झाली की जातो."

मित्रांनो, मी पितळेचा आहे. मला घाम येत नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, माझी कल्हई उतरली. तेच वाक्य! शब्द तेवढे इकडचे तिकडे. मी फळीवर बसलो होतो आणि मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. फी भरून झाली. तरी तो गेला नाही. म्हणाला, दिवाळी होऊ दे.

मागचा शनिवार. कारखान्याला शनिवारी सुट्टी असते. दुपारी रोहित कॉटवर पडून खोकत होता, मालनबाई गहू निवडत होत्या. ओवीने स्टूल आणलं, मला खाली काढलं आणि माझं झाकण पोटाशी धरून दोन्ही हातांनी ओढलं. तिला ते पहिल्यांदाच उघडता आलं. तिने वाट्या एकेक करून बाहेर मांडल्या. मधली उचलली, आणि घडी सापडली.

डॉक्टरांचं इंग्रजी अक्षर, कोण वाचणार! पण ओवीने कागद खिडकीपाशी नेला. एकेक अक्षर जोडून तिने आईचं नाव वाचलं. तारीख वाचली. शेवटी, खालून दोन रेघा ओढलेला एक शब्द होता, तो तिला लगेच आला. "अर्जंट," ती म्हणाली. "आजी, अर्जंट म्हणजे ताबडतोब."

ज्या इंग्रजीसाठी तिच्या आईने मधली वाटी भरली होती, त्या इंग्रजीने ती तो कागद वाचत होती. रोहित उठून बसला. ओवीने त्याला काही विचारलं नाही. ती लहान आहे, पण इतकी लहान आता राहिलेली नाही.

तिने दप्तरातून पेन्सिल काढली. 'ओवी - दवाखाना' ही वाटी मांडीवर घेतली. पेन्सिल चिठ्ठीवर टेकवली आणि हात थांबला. आईचं अक्षर होतं ते. घरात आईचं अक्षर तेवढ्या सात चिठ्ठ्यांवरच शिल्लक आहे. मालनबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

मग तिने एक रेघ मारली. 'ओवी' या शब्दावर. फक्त तेवढ्याच शब्दावर. बाकी आईने लिहिलेलं तसंच राहू दिलं.

वाटीवर आता नुसतं 'दवाखाना' आहे.

तिने त्यातले सगळे पैसे काढून रोहितच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "पप्पा, आज. दिवाळीनंतर नाही. आत्ता."

"अगं, ते तुझे..." रोहित म्हणायला लागला.

"पोरगी म्हणतीय तसं कर," मालनबाई म्हणाल्या. "ऊठ. चप्पल घाल. हळद तिखटात जाऊ दे, मोहरीत जाऊ दे, कुठंबी जाऊ दे. मी सांगते ना, ऊठ!"

तो उठला. ओवी त्याचं बोट धरून जिना उतरली. छातीचा फोटो काढला आहे, रिपोर्ट उद्या मिळणार आहे. काय निघेल, मला माहीत नाही. मी डबा आहे, देव नाही. ओवी अधूनमधून माझं झाकण उघडून ती वाटी बघते आणि पुन्हा लावते.

मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला सांभाळा, आम्हाला घासा-पुसा. माझं तसं काही मागणं नाही. माझ्या कडेचा पोचा काढू नका, कल्हई नाही केली तरी चालेल. पण आज घरी गेलात की आईला विचारा, बाबांना विचारा, तुमची वाटी कुठली? ते म्हणतील, आम्हाला काय धाड भरलीय. म्हणतील, तुझी फी झाली की बघू. तुम्ही ऐकू नका. हट्ट करा, हातपाय आपटा, जेवायला बसू नका. खेळण्यांसाठी करता ना, तसाच करा. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही चोरून वाचत असाल तर ऐका. लेकराच्या खर्चाचा कागद मांडाल तेव्हा पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घाला. लेकराला शाळा लागते, दूध लागतं, पण शाळेतून आल्यावर दार उघडायला आई लागते. हा खर्च आमच्या उज्वलाने धरलाच नाही आणि मीही तिला आठवण करून दिली नाही.

ती दवाखान्याची वाटी आज रिकामी आहे. जन्मभर भरलेल्या वाट्यांचा तोरा मिरवला मी, पण खरं सांगतो, ही रिकामी वाटी मला फार आवडते. तिच्याकडे बघतो आणि वाटतं, चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी ही अशीच रिकामी झाली असती, तर आज ओवीच्या वेण्या तिच्या आईने घातल्या असत्या.